चावीचं घ्यावं की सेलचं?

मनगटी घड्याळांविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचा रोख एकच: चावीचं, ऑटोमॅटिक की सेलचं? कोल्हापुरात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, माझ्या आधी त्याच बाकावर वडील बसायचे. घड्याळांच्या बाबतीत माझ्या आवडीनिवडी ठाम आहेत आणि त्या मी लपवणार नाही. पण माझी आवड कुठली आणि यंत्राची वस्तुस्थिती कुठली, हे वेगळं ठेवून सांगतो.

प्रश्न: पहिल्या पगारातून स्वतःसाठी घड्याळ घ्यायचंय, पंधरा हजारांपर्यंत. ऑफिसातले मित्र म्हणतात, सेलचं घड्याळ म्हणजे खेळणं, घ्यायचं तर ऑटोमॅटिकच घे. बाबा म्हणतात, चांगल्या कंपनीचं सेलचं घे आणि विषय संपव. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो.
— एक संगणक अभियंता, चिंचवड

उत्तर: सेलच्या घड्याळाला खेळणं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचं मागचं झाकण उघडून आत बघावं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी असते आणि तिच्यात दोन पायांच्या चिमट्यासारखा कापलेला क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्याला वीज दिली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक उरतो. ही निम्मं करण्याची कामगिरी आतली चिप करते, आणि दर सेकंदाला एका तारेच्या गुंडाळीला एक झटका देते, की काटा एक घर पुढे. याचीच उलटी बाजू, म्हणजे दाबलं की वीज निर्माण करण्याचा स्फटिकांचा गुण, पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवला, आणि तो मनगटावर यायला 25 डिसेंबर 1969 उजाडला. त्या दिवशी जपानच्या सेकोनं अ‍ॅस्ट्रॉन बाजारात आणलं, किंमत साडेचार लाख येन. हे यंत्र खेळण्यासाठी कुणी बनवलेलं नव्हतं.

आता अचूकपणा. साधं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत राहतं. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ एका दिवसातच तेवढं पुढे किंवा मागे जाऊ शकतं, आणि तुमच्या बजेटमधलं गेलं तर ते बिघडलंय असं समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये अतिशय अचूक घड्याळांना ‘क्रोनोमीटर’ ठरवणारी चाचणी असते, तिच्यातसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा आहे. पण दिवसाचे सेकंद 86,400 असतात हेही लक्षात घ्या. धातूची एक गुंडाळलेली पट्टी, एक डोलणारं चाक आणि तेलाचे काही थेंब एवढ्या भांडवलावर जे यंत्र 86,400 मध्ये दहानं चुकतं, त्याला मी चुकार म्हणणार नाही.

तुमच्या पत्रातली माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. तीन दिवस घरी. ऑटोमॅटिकमध्ये एक अर्धगोल वजन मनगटाच्या हालचालीनं फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळतं. घरी बसून टाइप करणाऱ्या हाताची हालचाल त्याला पुरत नाही, आणि घरी असताना बहुतेक जण घड्याळ घालतच नाहीत. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण चाळीस तास चालते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी बंद. सोमवारी सकाळी घाईत वेळ लावा, तारीख लावा. अशी पाच-सहा घड्याळं घेऊन वैतागलेली मुलं दर महिन्याला माझ्याकडे येतात, आणि घड्याळात दोष काहीच नसतो.

माझं स्पष्ट मत असं: ऑटोमॅटिक हवं म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना खरं तर चावीचं घड्याळ हवं असतं. त्यांना आत काहीतरी जिवंत चालतंय याचं आकर्षण असतं, आणि ते सकाळी दोन बोटांत चावी धरून फिरवताना जितकं हाताला कळतं तितकं ऑटोमॅटिकमध्ये कधीच कळत नाही. मी स्वतः रोज चावीचंच घालतो. आंघोळ झाली की चावी, मग चहा. फिरवता फिरवता स्प्रिंग जड होत जाते, आणि एका जागी थांबते. तिथे आपणही थांबायचं. फुल चावी दिली तर घड्याळ बिघडतं हा गैरसमज आहे. थांबलेल्या जागेपुढे जोर लावला तरच बिघडतं.

या किमतीत नव्या निव्वळ चावीच्या घड्याळांत फारशी निवड नसते. म्हणून तुम्ही असं ऑटोमॅटिक बघा ज्याला हातानंही चावी देता येते आणि चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. सगळ्यांत या दोन्ही सोयी नसतात. सेकोचं 7एस26 हे मशीन अतिशय दणकट, पण त्यात दोन्ही नाहीत. त्याच घराण्यातल्या नंतरच्या 4आर36 मशीनमध्ये त्या आहेत. दुकानात काउंटरवरच चावी फिरवून आणि ओढून बघा. आणि हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर बाबांचं ऐका, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सेलचं घेतानाही आतलं मशीन धातूचं आहे का, ते खोलून दुरुस्त करता येतं का, हे विचारा. पूर्ण प्लॅस्टिकचं मशीन बिघडलं की आम्ही काढून टाकतो आणि दुसरं बसवतो. धातूचं असेल तर धुऊन, तेल देऊन पुन्हा वर्षानुवर्षं चालतं.

प्रश्न: माझ्या यजमानांचं एचएमटी पायलट कपाटात आहे. ते गेल्यापासून चावी दिलेली नाही. मुलानं दुकानात दाखवलं, तर तिथे म्हणाले, यात आता सेलचं मशीन टाकून देतो, कटकट नको. घड्याळ नातवाला द्यायचंय. काय करू?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर: बाई, कृपा करून ते करू नका. आधी का नको ते सांगतो.

डायलच्या मागच्या बाजूला दोन बारीक खुंट्या असतात, त्यांना आम्ही डायलचे पाय म्हणतो. मशीनमध्ये त्यांच्यासाठी नेमकी दोन भोकं असतात आणि डायल त्यात घट्ट बसते. सेलच्या मशीनला ती भोकं त्या जागी नसतात. मग काय करतात, तर पाय कापतात आणि डायल दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं चिकटवतात. जुने काटेही नव्या मशीनच्या दांड्यांवर बसत नाहीत, म्हणजे तेही बदलले जातात. मूळ मशीन बहुतेक वेळा दुकानातच राहतं. एवढं झाल्यावर नातवाच्या हाती यजमानांच्या घड्याळाची केस आणि पाय कापलेली डायल राहील, बाकी काही नाही. आणि ते परत पहिल्यासारखं करायचं म्हटलं तर मीही करू शकणार नाही.

खरी गंमत अशी की त्या घड्याळाला बहुधा काहीही झालेलं नाही. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंगळुरूमध्ये 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाला, आणि पायलट, जनता या घड्याळांत सतरा रत्नांचं जे चावीचं मशीन आहे त्याचं मूळ सिटिझनच्याच रचनेत आहे. रत्नं म्हणजे चाकांच्या दांड्यांची टोकं ज्यांत फिरतात ते भोकाचे कठीण खडे. साधं, मोकळं, हाताला सोपं मशीन. त्यातलं बॅलन्सचं, म्हणजे डोलणारं चाक तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावलं तर ते पाच वेगवेगळे ऐकू येतात इतका त्याचा आवाज स्वच्छ असतो. काय होतं, की वर्षानुवर्षं बंद राहिलं की तेल वाळतं, पिवळट डिंकासारखं होतं, आणि चाकं त्यात अडकतात. म्हणून अशा घड्याळाला लगेच चावी देऊन चालवून बघू नका. कोरड्या दांड्या रत्नात घासल्या तर झिजतात, आणि मग तो भाग खरोखर बदलावा लागतो.

दुकान निवडताना एकच प्रश्न विचारा: पूर्ण खोलून करणार का? नीट सर्व्हिसिंग म्हणजे आधी स्प्रिंगमधला ताण हळूच सोडायचा, काटे आणि डायल काढायची, प्रत्येक चाक, पॅलेट (चाकाला अडवत-सोडत नेणारा छोटा आकडा), बॅलन्स सुटं करायचं, धुवायचं, रत्नांची भोकं लाकडी काडीनं साफ करायची, मेन स्प्रिंग तिच्या डब्यातून काढून पुसायची, आणि जोडताना जागेजागी तेल द्यायचं. तेही सगळीकडे सारखं नाही. स्प्रिंगच्या डब्यात घट्ट, बॅलन्सच्या टोकाला अगदी पातळ. बॅलन्सच्या रत्नात जो थेंब सोडतो तो भिंगाखाली रत्नाच्या मधोमध गोल दिसला पाहिजे. कडेला पसरला तर पुसून पुन्हा द्यायचा. या कामाला माझा अर्धा दिवस तरी जातो. नुसतं मागचं झाकण उघडून, फुंकर मारून, वरून तेलाचे दोन थेंब सोडले तरी घड्याळ चालू होतं, पण दोन महिन्यांसाठी. जुना चिकटा तसाच असतो आणि नवं तेल त्यात मिसळून आणखी घाण होतं.

एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला, तेव्हा भाग कुठून आणणार असं मुलाला कुणी सांगितलं असेल. पण हे मशीन इतक्या प्रचंड संख्येनं बनलं, की जुन्या मोडक्या घड्याळांतून भाग आजही मिळतात. काळजी भागांची नाही, हातांची आहे. हे काम शिकणारी मुलं कमी झाली.

आणखी एक विनंती. डायल डागाळलेली असेल, आकडे पिवळे पडले असतील, तर ती रंगवून घेऊ नका. केसला पॉलिशही नको. मागच्या झाकणावर, पट्ट्याच्या कानांवर जे ओरखडे आहेत ते यजमानांच्या रोजच्या वापराचे आहेत. काच मात्र खुशाल बदला, प्लॅस्टिकची असते, स्वस्तात होते. नातवाला देताना चावी कशी द्यायची ते तुम्ही स्वतः दाखवा.

प्रश्न: माझं ऑटोमॅटिक दोन वर्षं छान चाललं, आता अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतं. पडलं नाही, भिजलं नाही. कंपनीत पाठवू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: थांबा. अचानक आणि मिनिटांच्या हिशेबात पुढे पळतंय, तर पहिला संशय लोहचुंबकाचा. बॅलन्सवरची केसासारखी स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड असल्यासारखी वागते, आणि चाक भराभर डोलायला लागतं. टॅबलेटचं कव्हर, फोनचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, यांपैकी कशाशेजारी रात्री घड्याळ ठेवता का ते आठवा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ नेलं आणि सुई घड्याळाकडे वळली किंवा थरथरली तर खात्री समजा. चुंबकत्व काढायचं यंत्र प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे असतं आणि काम काही सेकंदांचं आहे. सेलच्या घड्याळाला हा त्रास राहत नाही. जवळ चुंबक असेतोवर काटे अडतात, दूर नेलं की पुन्हा चालू.

प्रश्न: मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मैत्रिणीनं हौसेनं चावीचं घड्याळ भेट दिलंय, पण ड्यूटीवर नाडी मोजताना गोंधळ होतो. तिला वाईट वाटू नये, पण कामाला कोणतं चांगलं?
— एक परिचारिका, नागपूर

उत्तर: सिस्टर, कामाला सेलचंच, यात मला जराही शंका नाही. चावीच्या घड्याळाचा सेकंदकाटा सरकत जातो, कुठल्याही रेषेवर थांबत नाही. सेलच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा टक् करून उडी मारतो आणि पुढच्या सेकंदापर्यंत जागेवर राहतो. बोटाखाली नाडी आणि डोळ्यांसमोर काटा, दोन्ही एकदम मोजायचं असेल तर हा थांबा फार उपयोगाचा. शौकीन लोक याच टक्-टक्‌ला नाकं मुरडतात. माझ्या मते रुग्णाच्या उशाशी उभ्या माणसासाठी याहून चांगली चाल नाही.

घेताना बघा: पांढरी डायल, काळे मोठे आकडे, एक ते बारा सगळे, नुसत्या रेषा नकोत. सेकंदकाटा लाल किंवा कोणताही उठून दिसणारा, आणि त्याचं टोक सेकंदांच्या रेषांपर्यंत पोचणारं. कित्येक महागड्या घड्याळांत तो अलीकडेच संपतो. चामड्याचा पट्टा नको, तो घाम आणि जंतुनाशक दोन्ही शोषून घेतो. सिलिकॉनचा घ्या, पुसता येतो. पाण्याचा आकडा 50 मीटरच्या वरचा हवा. 30 मीटर लिहिलेलं घड्याळ शिंतोड्यांपुरतं असतं, दिवसभर हात धुणाऱ्यांसाठी नसतं. तुमच्या विभागात मनगटावर काही घालायची मनाई असेल तर छातीवर लावायचं घड्याळ मिळतं. त्यात डायल उलटी टांगलेली असते, म्हणजे तुम्ही मान खाली घातली की तुम्हाला सरळ दिसते. तेही सेलचंच घ्या.

मैत्रिणीचं घड्याळ सुट्टीच्या दिवशी घाला आणि तिला तसं सांगा. ते ड्यूटीवर रोजच्या पाण्यात खराब झालं तर तिला जास्त वाईट वाटेल.

प्रश्न: ऑनलाइन जुनी एचएमटी फार सुंदर रंगांत दिसतात, हिरवी, नारिंगी, मोरपंखी. हजार-दीड हजारात. पॉकेटमनीतून घेऊ का? मी अकरावीत आहे.
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: तुझ्या वयाच्या मुलाला चावीच्या घड्याळाची ओढ लागली याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणूनच खरं सांगतो. त्यातली बहुतेक रिडायल असतात. म्हणजे जुनी डायल घासून नव्यानं रंगवून, वर नाव छापलेली. केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. फोटो मोठा करून बघ. अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात का, मिनिटांच्या रेषा समान अंतरावर आहेत का, मधल्या भोकाभोवती रंगाचे पापुद्रे आहेत का. मूळ छपाई भिंगाखालीसुद्धा रेघेला रेघ असते. देवनागरी आकड्यांची जनता घड्याळं मूळचीही आहेत आणि नकलाही पुष्कळ आहेत, त्यामुळे नुसती देवनागरी बघून भुलू नकोस. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो पाठवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नकोस.

तरीही एक सांगतो. तुला शिकायचं असेल, स्वतः उघडून बघायचं असेल, तर असं जोडजमवलेलं घड्याळ चालेल. ते मूळचं नाही हे माहीत असताना घेतलं तर फसवणूक नाही. पण जपायला, संग्रहाला हवं असेल तर आधी घरात विचार. आजोबांच्या, मामांच्या, शेजारच्या काकांच्या कपाटात एखादं पडलेलं निघतंच, आणि ते नक्की कुणाचं होतं हे तुला माहीत असेल.

प्रश्न: सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदम चार घरं उडी मारतो, मग थांबतो, पुन्हा चार घरं. मशीन गेलं का?
— एक वाचक, अकोला

उत्तर: नाही, ते तुम्हाला सांगतंय की सेल संपत आला. काही घड्याळांत काटा दोन-दोन घरं उडतो, काहींत चार-चार. वेळ अजून बरोबर असते. लगेच बदला, आणि बदलताना सिल्व्हर ऑक्साइडचाच सेल मागा. तो शेवटपर्यंत विजेचा जवळपास सारखा दाब देतो. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल हळूहळू मंदावतो आणि गळतो. सेलची जेवढी चांगली घड्याळं माझ्या बाकावर मेली, त्यातली कितीतरी अशा गळलेल्या सेलनं मेली. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. वापरात नसलेलं घड्याळ असेल तर सेल काढून ठेवा. घरातल्या दोन-तीन जुन्या घड्याळांचं हे काम आजच करून टाका.

प्रश्न: माझ्याकडे तीन ऑटोमॅटिक आहेत, आलटून पालटून घालतो. बंद पडू नयेत म्हणून ती फिरवत ठेवणारी विजेची पेटी घ्यावी का? इथे ती बरीच महाग आहे.
— एक मराठी वाचक, न्यू जर्सी

उत्तर: नको. बंद पडलेलं ऑटोमॅटिक विश्रांती घेत असतं, त्यानं त्याचं नुकसान होत नाही. उलट पेटीत चोवीस तास फिरणारं घड्याळ न घालताच झिजतं. ते पैसे दर पाच वर्षांनी एकेकाच्या सर्व्हिसिंगला ठेवा. तारीख-वारासोबत चंद्रकला वगैरे लावावी लागणारं गुंतागुंतीचं घड्याळ असेल तरच पेटीचा काही उपयोग.

बंद घड्याळ पुन्हा चालू करताना मात्र तारखेची काळजी घ्या. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलणारा दात चकतीत अडकलेला असतो. तेव्हा तारीख झटपट बदलायला गेलात तर तो दात मोडतो, आणि असे मोडलेले दात मला सारखे बघायला मिळतात. म्हणून आधी काटे सहाच्या आसपास आणा, मग कालची तारीख लावा, मग काटे पुढे फिरवत आजची तारीख येईपर्यंत न्या. ती जिथे बदलली तिथे रात्रीचे बारा वाजले. तिथून पुढे आत्ताची वेळ लावा, दुपारनंतरची असेल तर आणखी एक फेरा जास्त.